उन्हाळा सोसणारी रोपे : काटोल रस्त्यावरील एका रोपवाटिकेविषयी

नागपुरात सुवासिक फुलझाड विकत घेताना त्यावर किती कळ्या आहेत हे पाहण्याआधी ते रोप या शहरात कधी आले, हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. येथे विकली जाणारी मोगरा, अनंत, सोनचाफा यांची पुष्कळ रोपे आंध्र प्रदेशातील कडियमसारख्या दमट हवेच्या भागातून ट्रकने येतात आणि तेथे टवटवीत वाढलेले रोप आपल्या नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, झळांत बघता बघता करपते. २३ मे २०१३ रोजी याच शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे रोपाला इथल्या हवेची सवय लावणे किती गरजेचे आहे, ते कळते. काटोल रस्त्यावरील ज्या रोपवाटिकेत मी गेली काही वर्षे जात आहे, तेथे बाहेरून आलेले रोप लगेच विक्रीला ठेवत नाहीत, आणि माझ्या लेखी हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

ही रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा एकदा वाळला, की भोवती कितीही भुसभुशीत माती भरली तरी पाणी कडेने निथळून जाते. कुंडी वरून ओली दिसते आणि रोप मात्र आतून तहानलेले राहते. येथील माळी गोळा आधी बादलीत भिजवतात, बाहेरची माती बोटांनी हळूहळू सोडवतात आणि थोडी काळी माती, कन्हानची रेती, शेणखत व कोकोपीट यांच्या मिश्रणात रोप पुन्हा लावून हिरव्या जाळीखाली ठेवतात. नवी पालवी फुटल्यावरच ते सकाळच्या उन्हात येते. या सगळ्यात वेळ जातो, जागा अडते, आणि म्हणूनच येथील दर इतरांपेक्षा थोडे चढे आहेत. ते मला रास्त वाटतात.

अनंताच्या बाबतीत या मंडळींचा काटेकोरपणा विशेष जाणवतो. मार्च उजाडल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते अनंत विकतच नाहीत. “ताई, आता नेऊ नका, पावसाळ्यात या,” असे सांगून समोरचे गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार विरळाच. अनंताला आम्लधर्मी माती लागते, तर आपली काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी. तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी अनेक जण मूठभर हिराकस (फेरस सल्फेट) टाकतात, पण चुनखडीच्या मातीत त्याचा उपयोग फार काळ टिकत नाही. येथे चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल असे लोह, देतात आणि त्याचे प्रमाण पुडीवर लिहून देतात. त्यांनी दिलेली आणखी एक सूचना प्रत्येक नागपूरकराने ध्यानात ठेवावी : कूलरच्या टाकीत उरलेले पाणी या झाडांना घालू नये, कारण पाणी उडून जाते तसतसे क्षार मागे साठत जातात आणि आधीच जड असलेले बोअरचे पाणी त्यामुळे आणखी घातक होते.

सोनचाफा ते फक्त कलमी ठेवतात. बियांपासून वाढलेल्या झाडाला फुले यायला कित्येक वर्षे लागतात, कलम मात्र मोठ्या कुंडीतही लवकर फुलते. रोप हातात देण्यापूर्वी माळ्याने कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी ब्लेडने अलगद कापून काढली आणि सालीवर उमटलेला वळ मला दाखवला. ही पट्टी तशीच राहिली तर खोड जाडावताना ती सालीत रुतते. जोड मातीच्या वर राहू द्यावा आणि त्याखालून येणारे फुटवे वेळीच खुडावेत, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. मोगऱ्याला ऊन मानवते, त्यामुळे तेथे त्याची रेलचेल असते. पण मदनबाण, बटमोगरा आणि एकेरी मोगरा यांच्या पिशव्या एकाच वाफ्यात मिसळलेल्या असतात आणि एकीवरही नावाची चिठ्ठी नसते. मदनबाण म्हणून मी आणलेल्या रोपाला लांबट, टोकदार कळ्यांऐवजी एकेरी फुले आली. रोप बदलून मिळाले, यात शंका नाही, पण तोवर त्या वर्षीचा बहर संपला होता. जात हवी असेल तर कळी पाहूनच रोप घ्यावे. छाटणीचा सल्ला मात्र अचूक असतो : मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून जानेवारीत पाणी तोडून छाटणी करावी आणि त्यानंतर शेणखत देऊन पाणी सुरू करावे.

मोगरा ८० रुपयांना, अनंत १५० रुपयांना आणि कलमी सोनचाफा ३५० रुपयांना मिळाला. घरपोच सेवा नाही, रविवारी गर्दी इतकी असते की माळ्याशी बोलणे होत नाही, आणि त्यांचे तयार मातीचे पोते मी घेत नाही, कारण त्यात काळी माती जास्त असते. जुलैमध्ये, कामाच्या दिवशी सकाळी जावे. तेव्हा अनंताची चांगली रोपे जाळीबाहेर आलेली असतात.