जुन्या लॅपटॉपसाठी मिंट, उबुंटू की झोरिन : पहिल्यांदाच लिनक्सकडे वळणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

विंडोज 10 चा नेहमीचा मोफत पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे 2017 पूर्वी घेतलेले बहुतेक लॅपटॉप उत्तम चालत असूनही त्यात बसत नाहीत. नेरुळला राहणाऱ्या माझ्या मावशीचा लॅपटॉप असाच होता. रॅम 4 जीबी, आणि कामे सोसायटीच्या सूचना टाइप करणे, बँकेचे व्यवहार पाहणे आणि परदेशातल्या नातवाशी व्हिडिओवर बोलणे एवढीच. तो भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, टाकावे असे ठरले, तेव्हा त्याच्या अनेक प्रकारांपैकी कोणता टाकावा हा प्रश्न आला. त्या वेळी केलेली तुलना अशाच पेचात असलेल्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून येथे मांडत आहे.

नवख्याच्या कानावर पडणाऱ्या नावांपैकी उबुंटू, लिनक्स मिंट आणि झोरिन या तिघांचाच विचार पुरेसा आहे. फेडोरा चांगली असली तरी तिची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे 13 महिनेच पाठिंबा मिळतो. ही धावपळ पहिल्या वर्षी कोणावर लादू नये. सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या बॉस या लिनक्स प्रणालीबद्दल मला आदर आहे, पण अडचण आल्यावर शेजारीपाजारी विचारायला माणूस मिळावा या निकषावर मी ती बाजूला ठेवली.

एक गोष्ट आधी समजून घेतली, तर निम्मा गोंधळ मिटतो. मिंट 22 आणि झोरिन 18 या दोन्हींचा पाया उबुंटू 24.04 हाच आहे. म्हणजे वाय-फाय किंवा कॅमेरा एकीवर चालला तर तो दुसरीवरही चालण्याची शक्यता मोठी असते. खरा फरक आहे तो पडद्यावरच्या मांडणीत, यंत्रावर पडणाऱ्या भारात आणि सॉफ्टवेअर पुरवण्याच्या पद्धतीत.

उबुंटू 2004 पासून कॅनॉनिकल ही कंपनी चालवते. तिची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. मात्र तिची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी आहे: चिन्हांची पट्टी डावीकडे उभी असते आणि ‘स्टार्ट’ बटणाच्या सवयीचा काहीच उपयोग होत नाही. 24.04 या आवृत्तीसाठी कंपनी 4 जीबी रॅम पुरेशी मानत असली, तरी ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघडल्यावर मावशीचा लॅपटॉप दमलेला स्पष्ट दिसत होता. फायरफॉक्ससारखी काही सॉफ्टवेअर उबुंटू ‘स्नॅप’ या स्वतःच्या पद्धतीने देते आणि जुन्या हार्ड डिस्कवर ती पहिल्यांदा उघडायला वेळ घेतात. तरीही ऐरोलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला मी उबुंटूच सुचवली, कारण त्याच्या विषयांतल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या सूचना उबुंटू गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात आणि त्याचा लॅपटॉप 16 जीबी रॅमचा आहे.

झोरिन आयर्लंडमधल्या दोन भावांनी सुरू केली. झोरिन 18 नेमकी विंडोज 10 चा पाठिंबा संपला त्याच दिवशी प्रसिद्ध झाली, यावरून तिचा रोख कोणाकडे आहे ते कळते. पडद्याची मांडणी विंडोजसारखी करण्याचे पर्याय तिच्यात तयार मिळतात. सवयीने एखादी विंडोजची इन्स्टॉलर फाइल उघडली, तर त्या प्रचलित सॉफ्टवेअरला कोणता पर्याय घ्यावा हे ती सुचवते. बदलाचीच धास्ती असलेल्या माणसाला तिने फार धीर येतो. मोफत आवृत्ती घरच्या वापराला पुरते. पैसे देऊन मिळणाऱ्या ‘प्रो’ आवृत्तीतल्या जादा मांडण्यांची नवख्याला गरज नाही.

मिंट 2006 पासून आहे आणि 22 या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिची सिनॅमन मांडणी विंडोजवाल्याला ओळखीची वाटते: मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे. हलकी एक्सएफसीई आवृत्ती जुन्या यंत्रांना मानवते आणि मावशीकडे आम्ही तीच टाकली. मिंटला माझे झुकते माप आहे ते ‘टाइमशिफ्ट’मुळे. अपडेटनंतर काही बिघडले, तर कालची प्रणाली त्यातून परत आणता येते. मात्र सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ते तुमची कागदपत्रे आणि फोटो साठवत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते.

मराठी टायपिंगच्या बाबतीत तिन्हींत अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड मिळतो आणि ज्यांना उच्चारानुसार टाइप करायचे आहे त्यांच्यासाठी वेगळी रचनाही असते. मावशीला इनस्क्रिप्ट येत असल्याने पहिल्याच दिवशी तिची बोटे चालू लागली. तपासून पाहायचेच, तर ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करावा: शिफ्टसह ‘जे’ (J) दाबले की ऱ, मग ‘डी’ने (D) हलन्त आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य. ऱ्य नीट उमटला, तर फॉन्ट आणि कीबोर्ड दोन्ही जागेवर आहेत असे समजावे.

अडचण आली ती वेगळीच. विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेली एका पानाची सूचना लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा खालच्या दोन ओळी आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली, कारण मंगल हा विंडोजचा फॉन्ट असल्याने त्याच्या जागी दुसरा आला होता. नव्या सूचना आता नोटो फॉन्टमध्ये होतात आणि बाहेर पाठवताना पीडीएफ करूनच जातात.

काहींनी मात्र यंत्र पूर्णपणे लिनक्सवर नेऊ नये. गोखले रोडवरच्या एका परिचित दुकानदारांना मी स्पष्ट नको म्हणालो, कारण त्यांचा सारा हिशेब टॅलीप्राइमवर आहे आणि ते विंडोजसाठीच बनलेले आहे. ज्यांचे वर्षानुवर्षांचे काम श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व (जुन्या पद्धतीच्या) फॉन्टमध्ये साठले आहे, त्यांचीही हीच स्थिती आहे. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, ते आधी पाहावे. घरच्या स्वस्त लेझर प्रिंटरबाबतही तेच.

निर्णयापूर्वी 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. मिंटची इन्स्टॉल करण्याची फाइल सुमारे 3 जीबीची आहे, उबुंटूची जवळपास दुप्पट. रूफस किंवा बलेनाएचर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती पेनड्राइव्हवर उतरवावी आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. या ‘लाइव्ह’ अवस्थेत आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, त्यामुळे वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सारे निवांत पाहता येते. सर्व जमले, तरच इन्स्टॉल करावे, आणि ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर घेतलेल्या प्रतीतले दोन-चार फोटो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावेत.