एका लंबगोलात दोन नावे: न्यू जर्सीच्या टपाली मतदानाचा अनुभव

अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यानंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी मी पहिल्यांदा मत दिले ते 2024 मध्ये, आणि तेही घरी, जेवणाच्या टेबलावर बसून. न्यू जर्सीत टपाली मतपत्रिका मागवण्यासाठी कोणतेही कारण द्यावे लागत नाही. अर्ज केला की पाकीट घरी येते आणि परतीच्या टपालाचा खर्चही आपल्याला पडत नाही. सोय म्हणून ही सेवा उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जोड्या होत्या: कमला हॅरिस आणि टिम वॉल्झ यांची नावे एका चौकटीत होती, डोनाल्ड ट्रम्प आणि जे. डी. व्हान्स यांची दुसऱ्या चौकटीत, आणि प्रत्येक जोडीसाठी काळ्या किंवा निळ्या शाईने भरायचा लंबगोल एकच. "अहो, एक नाव इकडचं आणि एक तिकडचं, असं नाही का चालत?" असे पत्नीने विचारले. चालत नाही. भारतात राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात, उपराष्ट्रपतींना केवळ खासदार, आणि या दोन्ही निवडणुका वेगवेगळ्या होतात. त्यामुळे तिचा प्रश्न मला मुळीच भाबडा वाटला नाही.

किंबहुना अमेरिकेनेही ही जोडी ठेच लागल्यावरच बांधली. मूळ राज्यघटनेनुसार प्रत्येक निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात निवडणारा, राज्याराज्यांतला प्रतिनिधी) राष्ट्राध्यक्षपदासाठीच दोन मते देत असे आणि दुसऱ्या क्रमांकावर येणारा उपराष्ट्राध्यक्ष होत असे. त्यातून 1796 मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली त्यांचेच प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन आले. 1800 च्या निवडणुकीत तर जेफरसन आणि त्यांचेच सहकारी एरन बर यांना प्रत्येकी 73 मते पडली आणि ही बरोबरी सोडवण्यासाठी प्रतिनिधीगृहाला, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला, मतदानाच्या तब्बल 36 फेऱ्या घ्याव्या लागल्या. पुढे 1804 मध्ये मंजूर झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकांना दोन पदांसाठी दोन स्वतंत्र मते दिली. म्हणजे गंमत अशी की, माझ्यासाठी जोडी अभंग आहे, पण 17 डिसेंबर 2024 रोजी आमच्या राज्याच्या 14 निर्वाचकांनी मते दिली ती मात्र प्रत्येक पदासाठी वेगळी. माझा लंबगोल वस्तुतः या निर्वाचकांसाठी होता. त्यांची नावे मतपत्रिकेवर नव्हती, आणि माझी या सेवेबद्दलची खरी तक्रार हीच आहे: पाकीट कसे चिकटवावे हे इतक्या काळजीने समजावणाऱ्यांनी आपण नेमके कोणाला निवडतो आहोत, हेही दोन ओळींत सांगायला हवे होते.

पाकिटांचे प्रकरण मात्र नवख्याला गोंधळात टाकणारे आहे. मतपत्रिका आतल्या पाकिटात घालायची, त्याला जोडलेल्या पट्टीवरील प्रमाणपत्र भरून सही करायची, ती पट्टी कोणत्याही परिस्थितीत फाडायची नाही, आणि मग ते सगळे बाहेरच्या पाकिटात सरकवायचे. पट्टीच्या कडेला छिद्रांची ओळ दिसली की हात आपोआप तिकडे जातो. मी वेळीच सावरलो.

सहीने मात्र घात केला. वाहन परवाना काढताना छोट्या पडद्यावर केलेली माझी वेडीवाकडी सही नोंदीत होती आणि प्रमाणपत्रावर मी बँकेत करतो तशी नीट, पूर्ण आडनावासह केली. काही दिवसांनी सही जुळत नसल्याचे पत्र आले. कार्यालयात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ध्वनिमुद्रित आवाजच ऐकू आला. अखेर सोबतचा अर्ज भरून पाठवला, तेव्हा संकेतस्थळावर माझ्या मतपत्रिकेपुढे 'स्वीकारली' असे दिसले. मत परस्पर बाद न करता दुरुस्तीची संधी मिळते, याचे श्रेय या व्यवस्थेला द्यायलाच हवे; फोन उचलणारा माणूस नसणे मात्र निवडणुकीच्या दिवसांत क्षम्य नाही.

पत्नीने आपले पाकीट टपालात न टाकता कॅमेऱ्याच्या देखरेखीखालील मतपेटीत स्वतः नेऊन टाकले. तिची सही पहिल्याच खेपेस जुळली.