गाडी चालवणाऱ्या मधुमेहींची नेत्रतपासणी : कर्वे रस्त्याजवळील एका चिकित्सालयातील सेवेचे परीक्षण

परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की मधुमेह असलेल्या वाहनचालकापुढे एक प्रश्न उभा राहतो : डोळे नेमके किती आणि कुठे तपासून घ्यायचे? कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीतील नेत्रचिकित्सालयात ‘वाहनचालकांसाठी दृष्टितपासणी’ स्वतंत्रपणे केली जाते, असे आमच्या मधुमेहतज्ज्ञांकडून कळल्यावरून मी तेथे गेलो होतो. मला मधुमेह होऊन बराच काळ लोटला आहे, इन्सुलिन चालू आहे, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर पूर्वी लेसर उपचार झालेले आहेत आणि कोथरूडहून हडपसरला मी रोज स्वतः गाडी चालवत जातो. त्यामुळे या तपासणीकडे मी केवळ कागदपत्रांची पूर्तता म्हणून पाहू शकत नव्हतो. माझे मत आधीच नोंदवतो. तेथील तपासणी अत्यंत काळजीपूर्वक होते आणि निष्कर्ष समजावून सांगण्याची पद्धत त्याहूनही चांगली आहे. व्यवस्थेतील दोन उणिवा मात्र मधुमेही रुग्णांच्या बाबतीत किरकोळ म्हणून सोडून देता येत नाहीत.

या सेवेचे महत्त्व कळण्यासाठी कायदा आपल्याकडून काय मागतो, हे पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. अर्जदाराने नमुना १ मध्ये स्वतःच्या शारीरिक क्षमतेबद्दल घोषणा करायची असते आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला त्याशिवाय डॉक्टरांनी भरलेले नमुना १-अ हे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात डोळ्यांविषयी मोजकेच विचारलेले आहे : चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून, लागत असल्यास चष्मा लावून, मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळे कळतात का, रातांधळेपणा आहे का, दृष्टिदोष असल्यास तो चष्म्याने दूर झाला आहे का. मधुमेहाचा नावानिशी उल्लेख त्यात नाही. ज्या आजारामुळे आपले वाहन चालवणे इतरांना धोकादायक ठरेल असा दुसरा कोणता आजार आहे का, या स्वयंघोषणेतील अखेरच्या सर्वसाधारण प्रश्नात तो कुठेतरी सामावलेला आहे, एवढेच म्हणता येईल.

शिवाय मुदतीचा भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस ते पन्नास या वयात काढलेला किंवा नूतनीकरण केलेला खासगी वाहनाचा परवाना दहा वर्षे चालतो आणि पंचावन्न वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी नूतनीकरण केलेल्या माणसाला त्यानंतर लगेच मधुमेह झाला, तरी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत परिवहन विभागाकडून त्याला डोळ्यांबद्दल एकही प्रश्न विचारला जाणार नाही. मधुमेहाने पडद्याला इजा होण्यास एवढा काळ पुष्कळ झाला. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी पडदा तपासून घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या परवान्याचे कालमान आणि डोळ्याचे कालमान यांचा परस्परांशी काही संबंधच जोडलेला नाही. दुसरीकडे, आपला आजार इतरांना धोकादायक ठरू शकतो हे माहीत असूनही वाहन चालवल्यास त्याच कायद्याच्या कलम १८६ खाली दंड आहे. जाणून घेण्याची जबाबदारी अशा रीतीने पूर्णपणे चालकावरच येऊन पडते.

प्रमाणपत्राची पद्धत प्रत्यक्षात कशी राबवली जाते, हे मागील नूतनीकरणाच्या वेळी मी पाहिले आहे. एका दवाखान्यात माझ्याकडे फक्त चष्म्याची विचारणा झाली, तक्त्यावरील अक्षरेदेखील वाचून घेतली गेली नाहीत आणि बाहेर उभ्या असलेल्या एजंटाच्या हाती सही-शिक्क्याचा कागद गेला. मी इन्सुलिन घेतो हे मी आपणहून सांगितले, तेव्हा ‘ते इथे लिहायची गरज नाही’ असे उत्तर मिळाले. हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आता प्रस्तुत चिकित्सालयाविषयी. येथे तपासणीची सुरुवात डोळ्यांपासून होत नाही. आधी ग्लुकोमीटरने साखर पाहतात, अलीकडच्या एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवाल मागतात आणि गेल्या काही आठवड्यांत औषधात किंवा इन्सुलिनच्या मात्रेत बदल झाला आहे का, हे विचारतात. रक्तातील साखर वाढली किंवा झपाट्याने उतरली की डोळ्यातील भिंगाचा फुगीरपणा बदलतो आणि त्यासोबत चष्म्याचा नंबरही हलतो. माझ्यासोबत आमच्या सोसायटीतील शाळेची व्हॅन चालवणारे गृहस्थ होते. त्यांच्या गोळ्या नुकत्याच बदलल्या होत्या आणि दूरचे धूसर दिसते ही त्यांची तक्रार होती. त्यांना नवा चष्मा लगेच न देता साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर पुन्हा बोलावण्यात आले आणि तोपर्यंत दूरचे स्पष्ट दिसत नसेल तर व्हॅन चालवू नका, असे स्पष्ट शब्दांत बजावले गेले. चष्म्याचे दुकान त्याच इमारतीत असताना हा सल्ला दिला गेला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

नंबरप्लेटची चाचणी तर मी प्रथमच नियमात लिहिल्याप्रमाणे होताना पाहिली. इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत भिंतीवर मोटारीची एक जुनी पाटी बसवलेली आहे आणि तेथून २५ मीटर मोजून फरशीवर पिवळा पट्टा मारलेला आहे. त्या पट्ट्यावर उभे करून आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पाटी वाचायला लावतात. पाठ होऊ नये म्हणून दर वेळी पाटी बदलतात. मोटारीच्या पाटीवरील अक्षरांची उंची नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर असते. केवळ उंचीचा हिशेब केला तर २५ मीटरवरून ते अक्षर दवाखान्यातील तक्त्यावरच्या ६/१२ च्या ओळीपेक्षा (निकोप डोळा जी १२ मीटरवरून वाचतो ती ६ मीटरवरून वाचण्याची ओळ) किंचित लहान दिसते. म्हणजे ही चाचणी प्रामाणिकपणे घेतली तर ती अगदीच सोपी नाही. मात्र ती मोजते फक्त समोरची, मधली दृष्टी. माझी मधली दृष्टी दोन्ही डोळ्यांनी ६/६ आहे आणि पाटी मी अडखळल्याशिवाय वाचली. तेवढ्यावर थांबले असते तर माझे डोळे निर्दोष ठरले असते.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत, यातच या सेवेचे खरे मोल आहे. रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार, वाढून पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवू लागतात, तेव्हा मधली दृष्टी वाचवण्यासाठी पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो ठिपके दिले जातात. हा उपचार दृष्टी टिकवतो, पण त्याची किंमत म्हणून बाजूचे दिसणे काही प्रमाणात कमी होऊ शकते आणि अंधाराशी जुळवून घ्यायला डोळ्याला अधिक वेळ लागतो. बाजूने घुसणारी दुचाकी, दुभाजकातून अचानक उतरणारा पादचारी, कात्रजच्या बोगद्यात शिरताना भर उन्हातून एकाएकी येणारा अंधार, हे सगळे त्याच हरवलेल्या भागात घडते. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

त्यासाठी येथे दृष्टिक्षेत्राची चाचणी, म्हणजे फील्ड टेस्ट, घेतात. अर्धगोलाकार पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचे, समोरच्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातील बटण दाबायचे. सांगायला सोपे, पण मान आणि लक्ष दोन्ही अवघडतात. यंत्रावरील ताईंनी माझी नजर भटकताच ‘काका, ठिपका शोधायला जाऊ नका, तो दिसला तर दिसला’ असे शांतपणे सांगितले आणि मध्ये थांबून मला डोळे मिटून बसू दिले. आधी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र आणि नंतर दोन्ही डोळे उघडे ठेवून एस्टरमन पद्धतीची १२० बिंदूंची चाचणी झाली. छापील निकालात दिसलेले बिंदू गोलाने आणि हुकलेले काळ्या चौकोनाने दाखवलेले होते. एकट्या उजव्या डोळ्याच्या निकालात कडेची उणीव स्पष्ट होती. दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित निकालात बहुतेक सर्व बिंदू मी टिपले होते, कारण डावा डोळा उजव्याची बरीच उणीव भरून काढतो. डाव्या डोळ्याची निगा राखणे यापुढे माझ्यासाठी किती मोलाचे आहे, हे त्या एका कागदाने मला जितके पटवले तितके आजवरच्या कोणत्याही उपदेशाने पटवले नव्हते.

त्यानंतर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून दोन्ही पडदे तपासले गेले, छायाचित्रे घेतली गेली आणि मध्यबिंदूजवळ सूज आहे का हे पाहण्यासाठी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढला गेला. मधुमेहातील पडद्याचा विकार सुरुवातीला दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पाडत नाही, म्हणून थेंब टाकल्याशिवाय केलेल्या वरवरच्या पाहणीवर अवलंबून राहू नये, असे डॉक्टर बाईंनी सांगितले. माझ्या जुन्या छायाचित्रांशी नवी छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर शेजारी ठेवून त्यांनी एकेक जागा दाखवली. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. मागे रुग्ण खोळंबले होते, तरी त्यांच्या बोलण्यात घाई जाणवली नाही.

आपल्या नमुन्यात दृष्टिक्षेत्राचा प्रश्नच नाही, मग ही चाचणी कोणत्या निकषावर लावता, असे मी विचारले. त्यांनी ब्रिटनचे उदाहरण दिले. तेथे नंबरप्लेट २० मीटरवरून वाचावी लागते, चष्म्यासह किमान ६/१२ दृष्टी लागते आणि आडव्या दिशेने किमान १२० अंशांचे दृष्टिक्षेत्र असावे लागते. बस आणि ट्रकचालकांसाठी ते १६० अंश आहे. दोन्ही डोळ्यांवर रेटिनोपॅथीसाठी लेसर झाले असेल तर ते परवाना खात्याला कळवणे तेथे बंधनकारक आहे. तो नियम आपल्याला लागू नाही हे त्यांनी लगेच स्पष्ट केले, पण आपल्याकडे निकष लिहिलेला नसताना हाताशी काही मोजमाप असावे म्हणून त्या तो वापरतात. ही भूमिका मला योग्य वाटते. साखरेविषयीही त्यांनी तेथील चालकांना दिला जाणारा नियम सांगितला : इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी साखर पाहावी, ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे, ७२ च्या खाली असेल तर गाडी चालवू नये आणि साखर पुन्हा योग्य पातळीवर आल्यानंतरही ४५ मिनिटे थांबावे. साखर उतरली की नजरही धूसर होते, त्यामुळे हा विषय नेत्रतपासणीच्या बाहेरचा मानता येत नाही.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव प्रतीक्षेची. थेंब टाकल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला जेवणाची वेळ उलटून गेली. प्रतीक्षाकक्षात बहुतेक सगळे मधुमेही, त्यातले कित्येक इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन आलेले, आणि तेथे पाण्याच्या पिंपापलीकडे काही नाही. जेवणाची वेळ टळली तर साखर उतरू शकते, हे ज्या संस्थेला सर्वांत चांगले माहीत आहे तिने भेटीची वेळ देतानाच ‘डबा सोबत आणा’ एवढे सांगायला हवे होते. दुसरी उणीव अशी की थेंबांनंतर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही आणि त्या काळात गाडी चालवू नये, ही सूचना थेंब टाकताना दिली जाते. दूरध्वनीवर वेळ घेताना दिली जात नाही. परिणामी स्वतः दुचाकीवर आलेले लोक डोळे चोळत खाली उतरताना मी पाहिले. वाहनचालकांसाठीच्याच तपासणीत असे व्हावे, हे खटकते. व्यवस्थापनाकडे दोन्ही गोष्टी लेखी कळवल्या आहेत. याशिवाय अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो. व्हॅनचालक गृहस्थांना त्यातला एकही शब्द वाचता आला नाही. डॉक्टर बाईंनी तोंडी मराठीत सगळे सांगितले म्हणून निभावले.

खर्च फील्ड टेस्ट आणि ओसीटी धरून अडीच हजारांच्या घरात गेला. माझ्यासारख्याला तो जड नाही, पण रिक्षा, टेम्पो किंवा व्हॅन चालवून घर चालवणाऱ्याला नक्कीच जड आहे, आणि दिवसभर रस्त्यावर असल्यामुळे या तपासणीची गरज त्यालाच अधिक आहे. व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी येते. चिकित्सालयाने निदान अशा चालकांसाठी सवलतीचा दर ठेवावा, अशी माझी विनंती आहे. नमुना १-अ मात्र येथे वेगळे शुल्क न घेता भरून मिळतो, आणि त्यातील प्रत्येक प्रश्नापुढे प्रत्यक्ष तपासून लिहिलेले उत्तर असते.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, पूर्वीचे पडद्याचे अहवाल आणि लेसरची कागदपत्रे बरोबर ठेवा, नेहमीचा आणि वाचण्याचा असे दोन्ही चष्मे न्या, पिशवीत डबा आणि गॉगल असू द्या. गाडी घरीच ठेवा; परतताना सोबत कोणीतरी हवे. गल्लीत वाहन उभे करायला जागाही नाही.