ट्रकमधला सीबी रेडिओ: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दोन घाट वापरल्यानंतर

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर सीबी रेडिओचा, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी थेट बोलायच्या बिनतारी सेटचा, विषय काढला की काहींना तो पोलिसांचा वायरलेस वाटतो आणि बाकीच्यांना मोबाइलच्या जमान्यातली नसती उठाठेव. आमच्या तीन गाड्या बहुतेक वेळा एकत्रच सुटतात, कधी पुण्याकडे, कधी नाशिककडे. तिन्हींत सेट बसवले. आता पावसाळाही सरला, म्हणून लिहितोय. मत आधीच सांगतो: गाडी एकटी धावत असेल तर घेऊ नका. दोन-तीन गाड्या कायम मागेपुढे असतील तर जरूर घ्या, मात्र सेट साधा घ्या आणि वाचलेले पैसे अँटेना न् वायरिंगवर घाला.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या यंत्रांना परवान्यातून सूट आहे. टपावर वेगळी अँटेना लावायची असेल तर मात्र डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेकडून, आधी खात्री करून घ्या, आणि सेटला मंजुरी आहे का तेही बघा. आम्ही हे काम एजंटकडे सोपवलं होतं. दुकानदार सांगत नाहीत अशी आणखी एक गोष्ट: बाजारातले बरेच सेट अमेरिकन ४० चॅनलचे असतात. तिथला चॅनल १ म्हणजे २६.९६५ आणि चॅनल ४० म्हणजे २७.४०५. आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. त्यामुळे २७ नंबरपर्यंतचे चॅनल आपले, २८ पासून पुढचे बाहेरचे. आमच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलंय, बटण तिकडे फिरवायचंच नाही.

आता खरी डोकेदुखी. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, सेट १२ व्होल्टचा. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात सल्ला मिळाला की दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घ्या, काम भागतं. भागतं खरं, पण ती एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही बदलायची पाळी येते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लावा. बोलताना सेट साधारण दोन अँपिअर घेतो, त्यामुळे ५ अँपिअरचा कन्व्हर्टर पुरून उरतो. वायर थेट बॅटरीवरून आणा आणि फ्यूज बॅटरीजवळच टाका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, तिथे आधीच मोबाइल, पंखा आणि देवाची लाइट लटकलेली असते.

अँटेनावर मात्र जीव तोडून वेळ घालवावा लागला आणि तो वाया गेला नाही. या लहरींची लांबी ११ मीटर, म्हणजे पाव लहरीची काठी पावणेतीन मीटरची हवी. ट्रकच्या टपावर एवढी काठी उभी केली तर पहिल्याच वडाच्या फांदीला निरोप घेईल. म्हणून कॉइल गुंडाळलेली चार फुटी फायबरची काठी घेतली. तिला पायाखाली धातूची जमीन लागते. आपल्याकडे लाकडी बॉडीच्या गाड्या भरपूर. फाळक्यावर अँटेना ठोकली की ती नुसती शोभेची. केबिनचा पत्रा हीच तिची जमीन. पण केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, पुढे झुकते, आणि चॅसीशी तिचा विजेचा संबंध ढिलाच असतो. आरशाच्या ब्रॅकेटवर माउंट बसवताना खालचा रंग खरवडून उघडा पत्रा काढला आणि केबिन ते चॅसी अशी तांब्याची विणलेली पट्टी जोडली. या पट्टीने जो फरक पडला, तो महागड्या सेटनेही पडला नसता.

एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा मीटर, विकत किंवा उसना, कसाही मिळवा. तो ३ दाखवत असेल तर ताकदीचा चौथा हिस्सा अँटेनाकडून परत सेटकडे येतो, बोलत राहिलात तर सेटचं आउटपुट जळू शकतं. १.५ म्हणजे उत्तम, परत येणारी ताकद अवघी ४ टक्के. पुस्तिकेत चॅनल १ आणि ४० वर मोजायला सांगतात, आपण १ आणि २७ वर मोजायचं. १ वर आकडा जास्त आला तर काठी आखूड आहे, २७ वर जास्त आला तर लांब. टोकाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत जायचं. हे काम शेडखाली करू नका. आजूबाजूला लोखंड असलं की आकडा खोटा येतो. आम्ही मोकळ्या मैदानात केलं, केबिनचे दरवाजे बंद करून.

पट्टी बसली तरी आवाजात शिट्टी होतीच. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. इंजिन बंद केल्यावरही उरते ती स्वस्त कन्व्हर्टरची. दोन्ही होत्या. कन्व्हर्टर सेटपासून लांब नेला, वायरवर गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी चढवले, मग कान मोकळे झाले. स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबणारं बटण, मात्र जास्त चढवू नका, लांबच्या गाडीचा क्षीण आवाज त्यातच गिळला जातो.

वापर कुठे झाला? मुंबईत जवळजवळ शून्य. सायन-पनवेल रस्त्यावर इमारती आणि विजेचा गोंगाट इतका की दोन-तीन किलोमीटरपलीकडे शब्द तुटतात. पनवेल सोडलं की उघड्या रस्त्यावर पल्ला दुप्पट-तिप्पट होतो. खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात खरी किंमत कळली. पुढची गाडी वळणावर सांगते, "भाऊ, डाव्या लेनला कंटेनर बंद पडलाय, आत्ताच खालचा गिअर टाक," आणि मागच्या दोघांना ते एकदम ऐकू येतं. फोनवर तेच सांगायला दोन कॉल, दोन रिंग, एक "हॅलो, ऐकू येतंय का?" तेवढ्यात वळण निघून गेलेलं असतं. बोगद्यात मात्र हा गप्प. एक्स्प्रेसवेवरच्या भाताण आणि माडपच्या बोगद्यांत शिरलेली गाडी बाहेर येईपर्यंत गायबच समजा.

अमेरिकेत १९ नंबरवर ट्रकवाल्यांची गर्दी असते असं ऐकून आमचा सर्वांत तरुण ड्रायव्हर पहिले काही दिवस १९ लावून बसला होता. कोणी नाही. कधी तरी दुपारी परक्या भाषेतला आवाज यायचा, स्पष्ट, शेजारी उभा असल्यासारखा. तो घाबरला, कोणी हॅक केलंय का म्हणून. या लहरी वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो किलोमीटर जातात, आणि सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास जोरात आल्यामुळे हे जास्त घडतंय. ऐकायला मजा, कामाला अडथळा. आम्ही आमच्यापुरता एक शांत चॅनल ठरवून घेतला. गुप्तता शून्य, हे लक्षात असू द्या. भाड्याचा दर आणि मालाची माहिती रेडिओवर बोलायची नाही.

माइक क्लीनरच्या हातात, ड्रायव्हरच्या नाही. चालवताना हातात धरलेल्या संपर्क साधनावर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडाची तरतूद आहे, आणि दंड नसता तरी घाटात दोन्ही हात स्टिअरिंगवरच हवेत.

पावसाळ्यात कनेक्टरने त्रास दिला. आपली खारट हवा आणि पाऊस, दोन्ही मिळून जोड हिरवा पडतो, केबलमध्ये पाणी उतरतं आणि एसडब्ल्यूआर एका आठवड्यात चढतो. सेल्फ बाँडिंग टेप, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी, खालून वर, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळली, केबलला जोडाखाली एक झोळ ठेवला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. तेव्हापासून आकडा हललेला नाही. पुढच्या वर्षी जूनआधी टेप सोडून जोड बघायचे आहेत. मधल्या गाडीची काठी फांद्यांना घासून वरून सोलली आहे, ती तेव्हाच बदलेन.