मडगार्डच्या नावाखाली लपवलेला शॉक : माझी झालेली फसवणूक

चार वर्षे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल, चालवलेल्या माणसाला सायकलच्याच व्यवहारात कोणी गंडवील, असे मला कधी वाटले नव्हते. त्यामुळे हे लिहिताना रागाइतकीच लाजही वाटते आहे. दगडाळ उतारावर मागचे चाक उडून कंबर धरू लागली, म्हणून मी वापरलेली फुल सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकालाही झटके शोषणारा शॉक असलेली सायकल, शोधत होतो. जाहिरातीत एअर शॉक (हवेच्या दाबावर चालणारा), 140 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचे अंतर) आणि 14 किलो वजन लिहिले होते. ठरलेल्या रकमेपैकी 40 टक्के मी आगाऊ पाठवली आणि उरलेली 60 टक्के सायकल ताब्यात घेताना दिली. वर्षभराची बचत त्यात संपली.

मागच्या शॉकभोवती चिखल लागू नये म्हणून मडगार्डसारखे कापडी कव्हर गुंडाळलेले होते. मी सीट दाबून सोडली, तेव्हा ती एकदा वर येऊन थांबली नाही, तीन वेळा उसळली. त्याच क्षणी मला कळायला हवे होते, कारण डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी यंत्रणा, असलेला शॉक असा उसळत नाही. ‘बघा, किती मऊ आहे,’ असे विक्रेता म्हणाला आणि मी मान डोलावली. कव्हरची पट्टी सोडायला दोन सेकंद लागले असते. पण हार्डटेलला मागे शॉकच नसतो, तर तो हाताने कसा पारखायचा हे मला कोण शिकवणार होते? उचलताना सायकल जड लागली, तेव्हा ‘फुल सस्पेन्शन जड असतेच’ हे त्याचे उत्तर अर्धे खरे असल्यामुळे पटले.

घरी कव्हर काढले, तर आत साधी स्प्रिंग निघाली. हवा भरायचा व्हॉल्व्ह नाही, रिबाउंडची (शॉक परत वर येण्याचा वेग ठरवणारी) चकती नाही, आणि शॉकचा दांडा जेमतेम 22 मिलिमीटर आत जाणारा. लिव्हरेज रेशो, म्हणजे शॉक जितका दबतो त्याच्या कितीपट चाक हलते ते प्रमाण, 2.7 धरला, तरी चाकाला 60 मिलिमीटरच्या आसपासच ट्रॅव्हल मिळते. काट्यावर वजन 19.2 किलो भरले. शॉक उघडा करून दाखवत नसेल, तर पुढे एक शब्दही बोलू नका.

पोलीस ठाण्यात मला ‘सायकल मिळाली ना, मग फसवणूक कसली?’ असे विचारून दिवाणी दावा लावायला सांगितले. बँकेने पैसे मी स्वखुशीने पाठवल्याचे कळवले. ग्राहक तक्रार कक्षात विक्रेता व्यापारी नसल्याचे कारण मिळाले. जाहिरात छापणाऱ्यांनी तर जाहिरातच काढून टाकली, म्हणजे माझ्या हातातला एकमेव पुरावाही गेला, आणि वर ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश पाठवला! कोणाचे निवारण झाले? जाहिरातीचे चित्र पहिल्याच दिवशी जपून ठेवा. मी ठेवले नाही.

तेवढ्याच पैशात हार्डटेल घेतली असती, तर चांगला फोर्क (पुढच्या चाकाचे सस्पेन्शन) आणि हायड्रॉलिक ब्रेक मिळाले असते. स्वस्त फुल सस्पेन्शनमध्ये मागच्या सांध्यांचा आणि शॉकचा खर्च बाकीच्या भागांतूनच काढलेला असतो.

परवा सायकल उलटी केली, तर बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलांचा आस बसतो त्या भागाखालचा) फ्रेम क्रमांक कानशीने घासलेला दिसला. ती चोरीची असावी या शंकेने मी पुन्हा त्याच ठाण्यात गेलो, तर लेखी अर्ज ठेवून घेतला आणि पोचही दिली नाही.