किराण्याची यादी: ऐकून लक्षात ठेवावी की वाचून?

सांगलीच्या गणपती पेठेतून बारा जिन्नस आणायचे आहेत आणि चिठ्ठी न्यायची नाही. मग घरच्यांनी यादी तोंडी सांगावी की लिहून दाखवावी? दुकान किती लांब आहे, त्यावर ते ठरवा.

ऐकलेल्या यादीतले शेवटचे एक-दोन जिन्नस वाचलेल्या यादीपेक्षा पक्के आठवतात. पण हा फायदा फार नाजूक. "…बडीशेप, हिंग" यानंतर कुणी "आणि लवकर या" म्हटलं, की हिंग निसटलाच म्हणा. मानसशास्त्रज्ञ क्राउडर आणि मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हेच दाखवलं: यादीमागून ऐकू आलेला एखादा बिनकामाचा शब्दही शेवटच्या शब्दाला धक्का लावतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांच्या १९६६ च्या प्रयोगात यादीनंतर ३० सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांची आघाडी पार गेली. विश्रामबागहून पेठेपर्यंत गाडी चालवताना तर अर्ध्या मिनिटापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून तोंडी यादी कोपऱ्यावरच्या दुकानापुरती, चार-पाच जिन्नसांची. शेवटचा जिन्नस सांगितला की गप्प राहायचं.

लांब जायचं तर यादी वाचाच. वाचताना मागे जाता येतं, गट पाडता येतात, आणि खरी ताकद गटांतच आहे. कोवान यांच्या २००१ च्या मांडणीनुसार एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी मावतात. तेव्हा बाराचे तीन-तीनचे चार गट करा: तूरडाळ, हरभराडाळ, मूग; साखर, चहा पावडर, वेलदोडे; हळद, मोहरी, हिंग; साबण, काडेपेटी, उदबत्ती. "चहाचे तीन" एवढं आठवलं आणि हातात दोनच असले, तर काहीतरी राहिलंय हे दुकानातच कळतं. एका दमात सांगितलेल्या तोंडी यादीत हा ताळा जमत नाही.

बहुतेकांची चूक इथे होते: यादी चारदा वाचतात आणि पाठ झाली समजतात. एकदा वाचा, कागद उलटा ठेवा, म्हणून बघा. जे अडलं तेवढंच पुन्हा पाहा. बहुधा मधलेच अडतील.

मीठ आणि पीठ शेजारी ठेवू नका, वाचणार असलात तरी. कॉनराड यांनी १९६४ मध्ये लोकांना अक्षरं डोळ्यांनी दाखवली, पण चुका झाल्या त्या सारख्या उच्चाराच्या अक्षरांत. वाचलेलंही आपण मनात म्हणतोच.

वजनांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सगळं एकेक किलो धरा आणि वेगळं असेल तेवढंच त्या जिन्नसाला जोडून म्हणा: "पाच किलो साखर", "छटाकभर हिंग".