झाकणाखाली पाईपच नव्हता

शेतजमिनीवर पाडलेल्या नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं. राहायला येईपर्यंत पाणी, वीज आणि ड्रेनेज या तिन्हींबाबत आपण फसलो आहोत याची कल्पनाही नव्हती. अशा ठिकाणी जागा बघत असाल तर सही करण्याआधी हे वाचा.

प्लॉट दाखवला त्या दिवशी सगळं डोळ्यांसमोर होतं. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब होते, कोपऱ्यावरच्या नळाला जोरात पाणी येत होतं आणि ठराविक अंतरावर ड्रेनेजच्या चेंबरची लोखंडी झाकणं बसवलेली होती. "सगळं तयार आहे, घर झालं की फक्त जोडून घ्यायचं," असं विकणारा म्हणाला. मी कागद मागितले तर शिक्का मारलेली दोन पत्रंही काढून दाखवली. मी शिक्का पाहिला, मजकूर नीट वाचला नाही. ती पाणी आणि विजेसाठी केलेल्या अर्जांची नुसती पोच होती. अर्ज मिळाला, पाहणी करून कळवू, एवढंच त्यात लिहिलेलं. पोच म्हणजे मंजुरी नव्हे.

घराचं काम संपत आलं तेव्हा प्लंबरने पहारीने समोरच्या चेंबरचं झाकण उचललं. आत विटांचा दोन हात खोल खड्डा, तळाला कोरडी माती आणि गवताची मुळं. बाजूच्या भिंतीतून पाईपचं तोंड बाहेर आलेलं होतं. त्याने त्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला आणि मातीला टेकला. पुढची तीन झाकणं उघडली, चौथं उघडायची गरज उरली नाही.

मुख्य ड्रेनेज लाईन मोठ्या रस्त्याने जाते हे खरं होतं. पण तिची पातळी आमच्या जमिनीपेक्षा वर आहे आणि सांडपाणी उताराने वाहतं. ते वर चढवायचं तर पंपिंग स्टेशन हवं, त्याला वीज हवी, कायमची देखभाल हवी. नकाशात यातलं काही नव्हतं. लाईन शेजारून जाते, या एका वाक्यावर आम्ही विश्वास टाकला होता.

मग सेप्टिक टँक करायचं ठरलं. टँकमधून बाहेर पडणारं पाणी ज्यात मुरवतात त्या शोषखड्ड्यासाठी जमिनीत पाणी मुरायला हवं. त्याची चाचणी अगदी साधी आहे: खड्डा खणायचा, पाणी भरून माती पुरती भिजू द्यायची, पुन्हा भरायचं आणि पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं. आमच्या चिकणमातीत रात्री भरलेलं पाणी सकाळी जवळजवळ तसंच होतं. प्लॉट पाहायला गेलो त्या दिवशी हे केलं असतं तर तिथूनच परत फिरलो असतो. शिवाय शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची बोअर यांत साधारण 15 ते 30 मीटर अंतर ठेवायला सांगतात. इतक्या लहान प्लॉटमध्ये आपला खड्डा शेजाऱ्याच्या बोअरपाशीच येतो.

कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी एका बोअरचं होतं. तिची चाचणी पावसाळ्यानंतर लगेच, तासभर पंप चालवून घेतलेली. एवढ्या घरांचा भार जिच्यावर टाकायचा ती बोअर ऐन कोरड्या दिवसांत सलग 24 ते 72 तास चालवून पातळी मोजायला हवी होती. पाणी तपासून घेतलं तेव्हा नायट्रेट जास्त निघालं. वर्षानुवर्षं खत पडलेल्या जमिनीत हे होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्याने प्रमाण उलट वाढतं. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा खरा धोका असतो. समोरच्या घरात असं बाळ आहे, आणि त्याचं दूध त्याच पाण्यात कालवलं जात होतं. हे आठवलं की अजून राग येतो.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. खांबांवरची लाईन शेतीपंपांच्या 25 केव्हीएच्या डीपीवरून, म्हणजे जेमतेम 25 किलोवॅट पेलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून आलेली. चाळीस घरं, प्रत्येकी 3 किलोवॅट धरली तर 120 होतात. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून निम्मे धरले तरी 60. संध्याकाळी दिवे मंद होतात ते यामुळेच.

तुम्ही जागा घेणार असाल तर सेवा देणाऱ्या कार्यालयात प्लॉटचा नकाशा घेऊन स्वतः जा. किती घरांसाठी क्षमता राखून ठेवली आहे, जोडणी नेमक्या कुठल्या ठिकाणी मिळेल आणि तिथपर्यंतचा खर्च कोणी करायचा, हे लेखी घ्या. तारीख आणि सही असलेलं उत्तर हाती येईपर्यंत पैसे देऊ नका.

आम्ही रहिवाशांनी मिळून तक्रार केली आहे, निकाल अजून नाही. विकणारा अजूनही उरलेले प्लॉट दाखवायला लोकांना घेऊन येतो. गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं, तो फोनवर बोलत बाजूला गेला तेव्हा मी पहार आणली आणि त्यांच्यासमोर झाकण उघडलं.